साजसरंजामाची पारख

युद्धाला खेळाचे रूप द्यावयाचे तर घावाचे मोल अंकांत मांडल्यावाचून गत्यंतर नाही, ही गोष्ट ज्यांनी निष्ठेने ओळखली त्यांत प्रशियाच्या राइसविट्झ पितापुत्रांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पित्याने १८१२ च्या सुमारास एक युद्धखेळ सिद्ध केला होता. पुत्राने, म्हणजे गेओर्ग हाइनरिख रुडोल्फ या तरुण लष्करी अधिकाऱ्याने, १८२४ साली त्याची नवी नियमावली प्रसिद्ध केली. नकाशावर पलटणींचे ठोकळे मांडावे, अंतर मोजावे, फासा टाकावा, आणि त्या अंतरावरून त्या शस्त्राने किती शिपाई कामास येतील हे कोष्टकात पाहून पंचाने जाहीर करावे, अशी तिची रीत होती. शस्त्र कोणत्या प्रसंगी किती उपयोगी पडते हा प्रश्न त्या कोष्टकाने मतामतांच्या गलबल्यातून काढून हिशेबाच्या दप्तरात आणून ठेवला. आणि आज संगणकावरील कल्पित रणांगणांवर झुंजणारे खेळाडू आपल्या तलवारीची, चिलखताची व अंगठीची पारख ज्या साधनांनी करतात, त्यांची वंशावळ शोधू लागल्यास आपण याच दप्तरापाशी येऊन पोचतो.

त्या वंशावळीतील पुढचा मोठा पुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ च्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. त्यात प्रत्येक चिलखताला एक अंक होता, वार लागला की हुकला याचा निर्णय वीस बाजूंच्या फाशाने होई, आणि मंतरलेल्या तलवारीपुढे '+१' असे चिन्ह असे. हे चिन्ह म्हणजे फाशावरील एक घर, शेकड्याच्या भाषेत ५ टक्के. परंतु या पाच टक्क्यांची गंमत पाहण्यासारखी आहे. ज्या योद्ध्याचा वार वीस खेपांतून एकदाच बसत असतो, त्याच्या हाती ती तलवार येताच तो दोनदा बसू लागतो, म्हणजे त्याचे सामर्थ्य दुप्पट होते; ज्याचे वीसांतून दहा बसत होते त्याचे अकरा बसू लागतात, म्हणजे त्याची बढती दशांशाची; आणि ज्याचा वार अगोदरच कधी हुकत नाही, त्याला त्या एका घराचा लाभ मुळीच नाही. तलवार एकच, तिच्यावरचा अंकही एकच, तरी तीन हातांत तिची तीन मोले झाली. वस्तूचे मोल वस्तूच्या ठायी नसून धारण करणारा, त्याचा उरलेला सरंजाम आणि समोरचा शत्रू या तिघांच्या संबंधात असते, हे सत्य त्या साध्या फाशात पहिल्या दिवसापासून बीजरूपाने होते. परंतु ते पुरतेपणी ध्यानी यावयास आणि त्यानुरूप साधने घडावयास पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागली. माझ्या मते या साधनांचा इतिहास हा त्या एका सत्याच्या उमगण्याचा इतिहास आहे.

मेजावरचा हा खेळ संगणकात गेला तो प्रथम अक्षरांच्या रूपाने. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी, अनेक जणांना एकाच वेळी ज्यात संचार करता येईल असे एक शब्दमय जग उभारले; त्याच्या वारसांपैकी कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांनी घडविलेले 'डिकूमड' १९९१ साली लोकांच्या हाती आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने डिकूमडचे महत्त्व असाधारण आहे, कारण मस्तक, कंठ, बाहू, बोटे, कंबर अशा शरीराच्या ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी एक वस्तू, आणि प्रत्येक वस्तूवर वार बसण्याचे व इजा करण्याचे अंक, ही जी मांडणी पुढच्या सर्व ऑनलाइन खेळांत रूढ झाली, तिचा पक्का साचा तेथे दिसतो. जागा मर्यादित, वस्तू पुष्कळ, म्हणून निवड अटळ: पुढील सर्व गणिताचा पाया एवढाच.

१६ मार्च १९९९ रोजी 'एव्हरक्वेस्ट' हा ऑनलाइन खेळ सुरू झाला आणि नॉरॅथ नावाच्या त्याच्या कल्पित मुलखात हजारो माणसे एकत्र नांदू लागली. तेथील मोठ्या शत्रूंवर एकट्याने चाल करून जाणे अशक्य होते. त्यासाठी गिल्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळींना दहा-वीस नव्हे, कित्येकदा त्याहून पुष्कळ अधिक माणसांची मोहीम काढावी लागे, आणि एवढा खटाटोप करून शत्रू पडला की हाती येणाऱ्या वस्तू मात्र मोजक्याच असत. मग त्या कोणाला द्यावयाच्या? बर्फातील लेडी व्हॉक्स आणि अग्निगुहेतील लॉर्ड नागाफेन हे दोन ड्रॅगन मारणाऱ्या आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डने १९९९ साली यावर जो तोडगा काढला तो डीकेपी या नावाने पुढे सर्वत्र पसरला. मोहिमेला हजर राहणाऱ्याच्या नावावर गुण जमा करावयाचे, वस्तू घेतली की ते खर्ची टाकावयाचे, आणि शिल्लक ज्याची अधिक त्याचा हक्क प्रथम मानावयाचा, असा हा रीतसर जमाखर्च होता. सत्तेने लादलेला कायदा नाही, चलन नाही, न्यायाधीश नाही, अशा ठिकाणी सामान्य माणसांनी परस्परांच्या विश्वासावर खातेवही उघडावी आणि ती वर्षानुवर्षे चालावी, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनाही लक्षणीय वाटली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा व जोशुआ फेअरफील्ड यांनी २००७ साली डीकेपीवर स्वतंत्र टिपण लिहिले. पण या पद्धतीत एक प्रश्न अनुत्तरित राही: हक्क कोणाचा हे खातेवही सांगे, परंतु ती वस्तू त्याला खरोखर किती उपकारक आहे, हे सांगावयास कोणी नव्हते.

त्याचे कारण असे की खेळाच्या निर्मात्यांनी वस्तूंवरचे अंक उघड ठेवले, तरी त्या अंकांचे रूपांतर घावांत कसे होते ते नियम गुप्त ठेवले होते. एव्हरक्वेस्टमध्ये लढाईचा वृत्तान्त एका साध्या फायलीत लिहून ठेवण्याची सोय होती, आणि जिज्ञासू खेळाडूंनी तिचाच आधार घेतला. शत्रूसमोर तासन्‌तास उभे राहावयाचे, घाव मोजावयाचे, एक वस्तू उतरवून पुन्हा मोजावयाचे. निसर्गाचे नियम शोधणारा शास्त्रज्ञ ज्या चिकाटीने निरीक्षणे टिपतो त्याच चिकाटीने या लोकांनी मनुष्यनिर्मित जगाचे नियम टिपले. या व्यासंगाबद्दल त्यांना वेतन नव्हते, मान होता तो आपसांतला. तरी त्यांनी टिपणे लपवून न ठेवता सर्वांसमोर खुली केली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' निघाला, आणि २०१० च्या सुमारास त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. या खेळाने दोन दारे उघडी ठेवली होती. एक म्हणजे खेळाच्या पडद्यावर आपली स्वतःची जोडसाधने, ज्यांना सगळे अॅडऑन म्हणतात, ती बसविण्याची मुभा. दुसरे म्हणजे लढाईचा वृत्तान्त. एव्हरक्वेस्टमधील त्याच आफ्टरलाइफ गिल्डच्या एका सभासदाने 'थॉटबॉट' नावाचा जो कोश उभारला, त्यात असंख्य खेळाडूंच्या अॅडऑनने गोळा केलेल्या नोंदी जमा होत, आणि कोणता शत्रू कोणती वस्तू शेकडा किती वेळा टाकतो हे त्यातून कळे. २००८ च्या मार्चमध्ये निर्मात्यांनी वृत्तान्ताची रचनाच बदलून ती यंत्राला वाचावयास सुकर केली. अशा रीतीने वस्तूंची सूची आणि युद्धाची बखर ही दोन्ही साधने हाती आली, आणि मूल्यमापनाचे खरे शास्त्र सुरू झाले.

त्या शास्त्राचा प्रारंभीचा सर्वांत सुंदर प्रांत 'बर्निंग क्रुसेड' या २००७ च्या विस्तारातला आहे, म्हणून तेथे थोडे थांबणे उचित होईल. खेळाडूची पातळी ७० आणि मोहिमेतील बॉसची, म्हणजे बड्या शत्रूची, ७३ मानली जाई. या तीन पातळ्यांच्या अंतरामुळे तलवारबहाद्दराचे विशेष वार शेकडा ९ वेळा हुकत. अचूकता वाढविणारा जो अंक वस्तूंवर असे, त्याचे १५.७७ गुण मिळाले की हुकण्याचे प्रमाण एका टक्क्याने घटे. म्हणजे १४२ गुण जमले की विशेष वार हुकणे संपले. आता पाहा: १४२ पर्यंतचा प्रत्येक गुण इतर कोणत्याही गुणापेक्षा मोलाचा, आणि १४३ वा गुण त्या वारांपुरता निरुपयोगी. ढाल घेऊन पुढे उभ्या राहणाऱ्या वीराची, म्हणजे टँकची, गोष्ट याहून निकराची. बॉसचा घाव दुप्पट जोराने बसण्याची शक्यता ५.६ टक्के असे. बचावकौशल्याचा प्रत्येक गुण ती ०.०४ ने कमी करी. मुळात ३५० गुण असत, म्हणून आणखी १४० गुण मिळवून ४९० ची बेरीज गाठली की ती शक्यता शून्यावर येई. ४९० हा आकडा त्या काळच्या प्रत्येक टँकला मुखोद्गत होता. ४८९ वर उभा असलेला वीर आणि ४९० वर उभा असलेला वीर यांच्यात कागदावर एका गुणाचे अंतर, परंतु पहिल्याच्या जिवावर अजून एक टांगती तलवार आहे आणि दुसऱ्याच्या जिवावर ती नाही. उलटपक्षी, ज्याने ४९० गाठले आहेत त्याला बचावाचे वीस गुण जास्त देणारे शिरस्त्राण मिळाले, तर दिसावयास ते भव्य असूनही त्याचे पुष्कळसे तेज व्यर्थ जाते.

या मर्यादांचा पत्ता लागण्याच्या आगेमागे वस्तूंची तुलना करण्याची जी रीत रूढ झाली ती भारांकांची होती. बळाचा एक गुण अमुक मोलाचा, अचूकतेचा अमुक, त्वरेचा अमुक, असे भारांक ठरवावे, वस्तूवरील प्रत्येक अंकाला आपापल्या भारांकाने गुणावे, बेरीज करावी, ज्याची बेरीज मोठी ती वस्तू श्रेष्ठ. 'पॉन' नावाचे अॅडऑन हेच काम करी आणि नव्या वस्तूच्या नावाखालीच तिची बेरीज लिहून दाखवी. रीत सोपी, त्यामुळे ती घरोघर गेली. तिचा दोष मात्र मूलभूत आहे: ती प्रत्येक अंकाचे मोल सदासर्वदा एकसारखे धरते. १४२ च्या अलीकडे व पलीकडे अचूकतेचा भारांक एक असूच शकत नाही. त्वरा आणि निर्णायक घाव हे दोन अंक एकमेकांना गुणतात, म्हणून एक वाढला की दुसऱ्याचे मोल चढते. एकाच संचातील दोन किंवा चार वस्तू अंगावर असल्या म्हणजे मिळणारे जादा वरदान तर कोणत्याच एका वस्तूच्या बेरजेत मावत नाही. भारांक म्हणजे डोंगराच्या चढणीवर ज्या जागी आपण उभे आहोत तेथील उतार. दोन पावलांपुरता तो खरा, कोसभराच्या वाटेला त्याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून वस्तूवरून दृष्टी संचाकडे वळली. याच काळात अस्वलाचे रूप घेऊन लढणाऱ्या ड्रूइड वर्गातील टँकांच्या सोयीसाठी एकाने 'रॉर' नावाचे साधन रचले, आणि हळूहळू ते इतर सर्व वर्गांना लागू होत गेले. खेळाडूने आपल्याजवळच्या व मिळण्याजोग्या वस्तूंची नोंद करावी, आणि यंत्राने सर्वोत्तम संच शोधून द्यावा, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ही प्रतिज्ञा किती धाडसाची आहे ते एका आकड्याने कळेल: अंगावर १६ जागा आणि प्रत्येक जागेसाठी अवघ्या ४ वस्तू धरल्या तरी शक्य संचांची संख्या ४२९ कोटींवर जाते, त्यात रत्ने व मंत्रसंस्कार मिळविले की मोजदाद हाताबाहेर जाते. सगळे संच तपासणे अशक्य, तेव्हा रॉरने एक वेगळी शोधरीत पत्करली. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ग्रंथरूपाने मांडलेली ही रीत सृष्टीतील वंशविकासावरून घेतलेली आहे: काही संच यदृच्छया मांडावे, त्यांतील बलवानांचा परस्परांशी संकर करावा, मधूनच एखादी वस्तू सहज बदलून पाहावी, दुर्बळ संच टाकून द्यावे, आणि पिढ्यामागून पिढ्या हाच क्रम चालू ठेवावा. उत्तर सर्वश्रेष्ठच असेल याची हमी या रीतीत नाही, पण उत्तम उत्तर ती लवकर आणून देते.

याच सुमारास 'गिअरस्कोअर' नावाचे एक अॅडऑन फार प्रसृत झाले. ते प्रत्येक माणसाच्या अंगावरील सरंजामाची एकच बेरीज सर्वांना दाखवी, आणि मोहिमेचे नायक त्या एका आकड्यावरून उमेदवाराला घेऊ अगर नाकारू लागले. संचाचा अंगभूत मेळ, हातांचे कसब, अनुभव यांपैकी काहीच त्यात नव्हते. पारखीचे साधन माणसाकडे वळले म्हणजे ते किती निष्ठुर होऊ शकते याचे हे उदाहरण आहे. पुढे खेळाच्या निर्मात्यांनी स्वतःच सरासरी वस्तुपातळीचा आकडा प्रत्येकाच्या पत्रकावर छापला.

ऑक्टोबर २०१० मध्ये 'कॅटॅक्लिझम' या विस्ताराच्या उंबरठ्यावर रिफोर्जिंग आले, आणि साधनांच्या इतिहासाला नवे वळण मिळाले. वस्तूवरील एखाद्या दुय्यम अंकाचा ४० टक्के भाग काढून तो दुसऱ्या, त्या वस्तूवर नसलेल्या अंकात घालण्याची ही मुभा होती. हेतू उदार होता: अचूकतेच्या मर्यादेपुढे गेलेले गुण वाया जाऊ नयेत, हाती आलेली वस्तू आपापल्या गरजेप्रमाणे घडविता यावी. परंतु त्या उदारपणाचा हिशेब करून पाहा. वस्तूवर दोन दुय्यम अंक आणि उपयोगी अंक एकूण पाच असे धरले, तर दोहोंपैकी एक कमी करून तिहींपैकी एक वाढविण्याचे सहा मार्ग आणि काहीच न करण्याचा एक, असे सात पर्याय होतात. अशा १६ वस्तू मिळून पर्याय ३३ लाख कोटींवर जातात. मनुष्यबुद्धीला हे पेलणारे नाही. यंत्राला मात्र एक युक्ती ठाऊक होती. एकेक वस्तू क्रमाने घ्यावी. आतापर्यंत अचूकतेची बेरीज किती झाली, या एकाच गोष्टीवर खाते ठेवावे. एकाच बेरजेपाशी येणाऱ्या अनेक वाटांपैकी जी सर्वांत लाभदायक तीच जपून बाकीच्या विसराव्या. लाखो कोटी वाटा अशा रीतीने काही हजार खात्यांत आटोपतात. रिचर्ड बेलमन यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडलेले हे तंत्र कारखान्यांच्या व मालसाठ्याच्या नियोजनात कधीचेच वापरात होते. 'आस्क मिस्टर रोबॉट'सारखी साधने याच काळात लोकप्रिय झाली: आपल्या पात्राचे नाव सांगावे, क्षणात कोणत्या वस्तूचे काय करावे याची यादी यावी, आणि ती घेऊन खेळातील कारागिराकडे जावे.

यातून एक विपरीत परिणाम घडला, आणि तो इतिहासकाराने नोंदविलाच पाहिजे. चिलखत मिळाल्याचा आनंद यादी येईपर्यंत लांबणीवर पडू लागला. एक वस्तू बदलली की मर्यादांचा तोल ढळे आणि उरलेल्या पंधरांची घडण पुन्हा करावी लागे. निर्मात्यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये रिफोर्जिंग तर काढून टाकलेच, पण ज्या मर्यादांमुळे त्याची निकड भासे ते अचूकतेचे व कौशल्याचे अंकही वस्तूंवरून पुसून टाकले. साधनाच्या सार्वत्रिक वापरामुळे खेळाचा कायदाच बदलावा लागावा, ही घटना लहान नाही. क्रिस्टोफर पॉल यांनी २०११ साली लिहिलेल्या एका निबंधात खेळाडूंचे हे हिशेबशास्त्र खेळण्याची आणि खेळ घडविण्याची रीत कशी पालटते याचे विवेचन केले आहे. रिफोर्जिंगची अखेर त्यानंतर तीन वर्षांनी झाली.

आता ज्या शाखेने शेवटी सगळा मुलूख जिंकला तिच्याकडे वळू. १९४६ साली लॉस अॅलामॉसचे गणिती स्टॅनिस्लॉ उलम आजारातून उठून विश्रांती घेत असता पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढावयाचा त्यांनी प्रयत्न केला, आणि मग त्यांच्या मनात आले की सूत्राच्या मागे लागण्यापेक्षा शंभर डाव प्रत्यक्ष मांडावे आणि किती सुटतात ते मोजावे. त्यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमान यांना सांगितली आणि तिचा पहिला उपयोग अणुविज्ञानाच्या कठीण गणितांत झाला. खेळातून निघालेली ती पद्धत साठ-एक वर्षांनी पुन्हा खेळाच्या सेवेस आली, हा योग मला फार हृद्य वाटतो. 'सिम्युलेशनक्राफ्ट' हे साधन अगदी हेच करते: खेळाडूचा वर्ग, त्याचा संच आणि कोणत्या क्रमाने कोणती विद्या वापरावी याची नियमावली घेऊन ते यंत्राच्या पोटात पाच-सहा मिनिटांचे एक युद्ध लढते, दर घावाला फासा टाकते, आणि असे युद्ध हजारो वेळा लढून सरासरी काढते. सूत्र कोणालाही सांगावे लागत नाही. मर्यादा, गुणाकार, संचाचे वरदान, मधूनच स्फुरणारी ताईताची शक्ती, सगळे आपापल्या जागी आपोआप हिशेबात येते.

या रीतीची किंमत मात्र श्रमात द्यावी लागते. यदृच्छेमुळे सरासरीत राहणारी चूक आवृत्त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. चूक निम्मी करावयाची तर युद्धे चौपट लढावी लागतात, दशांशावर आणावयाची तर शंभरपट. दोन अंगठ्यांमधले अंतर चुकीच्या पट्ट्याहून लहान असेल, तर यंत्राने एकीला वर आणि दुसरीला खाली दाखविले तरी त्या क्रमाला अर्थ नसतो. पुष्कळ खेळाडू एवढे ध्यानी न घेता दशांशाच्या फरकासाठी जिवाचे रान करतात, हे पाहून वाईट वाटते.

याहून खोल प्रश्न असा की यंत्र जे युद्ध लढते ते कोणते? सिम्युलेशनक्राफ्टमधील नेहमीच्या युद्धाला 'पॅचवर्क' हे नाव आहे. २००६ साली आलेल्या नॅक्सरामस या दुर्गातील हा शिवणीशिवणींचा अजस्र बॉस एका जागी उभा राहून फक्त मारीत असे. त्याच्यासमोर कोणाला धावावे लागत नसे, चुकवावे लागत नसे. हिशेबाला असा शत्रू आदर्श, कारण त्याच्यासमोर निव्वळ सामर्थ्य मोजले जाते. परंतु बहुतेक बॉस तसे नसतात; पायाखाली आग पेटते, मध्येच दहा पिलावळी येतात, क्षणभर हात आखडून उभे राहावे लागते. त्यासाठी साधनात पळापळीच्या, झुंडीच्या, भुयारी दौडीच्या अशा निराळ्या युद्धांचीही सोय आहे. पण साधन उघडताच जे समोर येते ते पॅचवर्क, आणि माणसे बहुधा समोर येईल तेच घेतात. एका युद्धात श्रेष्ठ ठरलेला ताईत दुसऱ्यात मागे पडतो. साधन खोटे बोलत नाही. आपण त्याला कोणते रणांगण दिले, यावर त्याच्या उत्तराचा प्रामाण्याधिकार अवलंबून आहे. संजीवनी देणाऱ्यांची, म्हणजे हीलर वर्गाची, तर या दप्तरात सदैव उपेक्षाच झाली, कारण त्यांचे कार्य इतरांच्या जखमांवर अवलंबून असते आणि दुसऱ्याच्या चुकीचे प्रतिरूप कोणते यंत्र उभे करणार?

ऑगस्ट २०१६ मधील 'लीजन' या विस्ताराने भारांकांची सद्दी संपविली. त्यातील असाधारण वस्तू यदृच्छेने मिळत आणि पात्राच्या कसबांचे गणितच बदलून टाकीत. शिवाय साध्या वस्तूही टायटनफोर्जिंगने अचानक वरच्या पातळीवर उडी घेत. दोन खेळाडूंचा संच सारखा असण्याचा संभवच उरला नाही, त्यामुळे एकाचे भारांक दुसऱ्याला लावणे निरर्थक झाले, आणि 'स्वतःचे सिम चालवा', म्हणजे आपल्या संचाचे युद्ध यंत्रात आपणच लढवून पाहा, हा सल्ला जो तो देऊ लागला. घरच्या यंत्रावर तासभर चालणारे हे काम दूरच्या मोठ्या यंत्रांवर सोपविण्याची सोय 'रेडबॉट्स'ने केली. त्याच्या 'टॉप गिअर'मध्ये पिशवीतील वस्तूंचे निरनिराळे मेळ लढवून पाहिले जातात. 'ड्रॉप्टिमायझर'ची दृष्टी त्याहून पुढची, ती अजून न मिळालेल्या वस्तूंकडे लागलेली. एखाद्या दुर्गातील प्रत्येक बॉसची प्रत्येक संभाव्य वस्तू एकेक करून तुमच्या आजच्या संचात बसवावयाची, तेवढ्यासाठी युद्ध पुन्हा लढावयाचे, आणि फरक मांडावयाचा. ज्या वस्तूचे मोल जाणावयाचे ती सोडून बाकी सर्व संच स्थिर ठेवून मोल काढावयाचे, म्हणजे फाशावरील '+१' मध्ये जे बीज होते ते येथे वृक्ष झाले.

याने वाटणीचा जुना प्रश्नही पालटला. डीकेपीच्या काळी मोहिमेतील हजेरी हा हक्काचा पाया होता. आता कित्येक गिल्डांत म्होरके बसून सर्वांचे ड्रॉप्टिमायझरचे अहवाल पाहतात आणि ज्याला दिल्याने मोहिमेचे बळ सर्वाधिक वाढेल त्या माणसाच्या पदरात वस्तू टाकतात. पुढच्या बॉसला पाडण्याच्या दृष्टीने ही रीत निःसंशय शहाणपणाची आहे. तथापि वर्षभर न चुकता हजर राहिलेल्या माणसाने, आपल्या वाट्याची तलवार काल आलेल्याच्या हाती गेलेली पाहावी, यात जी खंत आहे तिला कोणत्याही अहवालात रकाना नाही. खातेवहीत निदान त्या हजेरीची नोंद तरी होती.

हा सारा व्यवहार एका खेळापुरता राहिला नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंडहून २०१३ साली निघालेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल'साठी २०१६ मध्ये एका जाणत्या खेळाडूने 'पाथ ऑफ बिल्डिंग' रचले. त्या खेळातील विद्यावृक्षाला हजाराहून अधिक गाठी असल्यामुळे तेथे वस्तू आणि विद्या यांचा एकत्र हिशेब केल्याशिवाय इलाजच नव्हता.

ऑगस्ट २०१९ अखेर ब्लिझार्डने आपला जुना खेळ 'क्लासिक' या नावाने पुन्हा उघडला, आणि या विद्येने पंधरा वर्षांत काय कमावले त्याची परीक्षाच झाली. मोल्टन कोर दुर्गाचा स्वामी रॅग्नारोस पहिल्या अवतारात पडावयास सुमारे पाच महिने लागले होते. आता तो आठवड्याच्या आत पडला. नियम आधीच ठाऊक होते, याद्या आधीच तयार होत्या, आणि परत आलेल्या खेळात काही गोष्टी पूर्वीपेक्षा सौम्यही होत्या. त्यानंतर 'वाऊसिम्स' या नावाने खुल्या पद्धतीने एकत्र आलेल्या मंडळींनी जुन्या विस्तारांसाठी नवी सिम्युलेशने लिहिली. ती ब्राउझरमध्येच, खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रावर चालतात. मे २०२४ मध्ये 'कॅटॅक्लिझम क्लासिक' आले आणि त्याच्याबरोबर रिफोर्जिंगही जुन्या ४० टक्क्यांसह परत आले. या खेपेस वाऊसिम्सने त्याच्यासाठी पूर्णांकांच्या रेषीय नियोजनाचे तंत्र वापरले, ज्याची मुळे जॉर्ज डँटझिग यांनी अमेरिकन हवाई दलाच्या नियोजनासाठी १९४७ साली शोधलेल्या रीतीत आहेत. मर्यादा या समीकरणाच्या अटी म्हणून लिहावयाच्या, लाभ हा वाढवावयाचा आकडा म्हणून, आणि ३३ लाख कोटी पर्यायांतून उत्तर बहुधा काही क्षणांत हाती येते. ते उत्तर ज्या भारांकांवर उभे असते ते मात्र अजूनही आधी सिम चालवूनच काढावे लागतात, आणि संच फार बदलला की पुन्हा काढावे लागतात. म्हणून जाणते खेळाडू दोन्ही साधने आलटून पालटून चालवितात, भारांक आणि संच एकमेकांशी जुळेपर्यंत.